वाकलेल्या तबकडीची पूर्वपीठिका

जुन्या रेकॉर्डचा वाडगा करायचा म्हटलं की आज प्रत्येक जण ओव्हनचं तापमान विचारतो. किती वेळ ठेवायची, उलटं पातेलं कुठलं घ्यायचं, कडा कशा मुडपायच्या, हे सगळं दोन मिनिटांच्या व्हिडिओत कळतं. मुळात तबकडी इतक्या सहज वाकते का, आणि ती वाकवून फळीवर ठेवावी असं लोकांना केव्हापासून वाटू लागलं, हे मात्र त्या व्हिडिओत नसतं. त्यासाठी बटणांच्या कारखान्यापर्यंत मागे जावं लागतं.

एमिल बर्लिनरने १८८७ साली ग्रामोफोनचं पेटंट घेतलं, तेव्हा बाजारात विकायची तबकडी कशाची करायची हा प्रश्न सुटलेला नव्हता. आधी त्याने कडक रबर वापरून पाहिलं. ते दाबताना खाचा सगळीकडे सारख्या उमटत नसत आणि तबकडी सपाट राहील याचा भरवसा नसे. १८९५च्या सुमारास त्याची गाठ न्यू जर्सीतल्या एका कारखान्याशी पडली. तिथे लाखेत पूड कालवून, ते मिश्रण तापवून, साच्यात दाबून बटणं आणि विजेच्या उपकरणांचे सुटे भाग तयार होत. त्याच मिश्रणात बर्लिनरचा साचा दाबला गेला आणि पुढची पन्नास-साठ वर्षं जगभरच्या तबकड्या याच कुळातल्या निघाल्या. म्हणजे तापवून मऊ करायचं, हवा तो आकार द्यायचा आणि थंड होऊ द्यायचं, ही कृती तबकडीवर नंतर कुणी लादलेली नाही. तिचा जन्मच तसा झाला आहे.

या मिश्रणातली लाख बहुतेक करून आपल्याकडची. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर किडे बसतात, त्यांच्या स्रावाचा थर खरवडून, धुऊन, वितळवून त्याचे पातळ पापुद्रे काढतात. छोटा नागपूरचा पट्टा यात आघाडीवर, विदर्भात गोंदियाच्या बाजूलाही पळसावर लाख घेतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या लाखेचा मोठा वाटा परदेशी रेकॉर्ड कंपन्या उचलत. तबकडीत लाख असे ती चिकटवण्यापुरती, बाकी दगडाची भुकटी, थोडे कापसाचे तंतू आणि रंगासाठी काजळी. दगडाची भुकटी मुद्दाम खरखरीत ठेवलेली असे, कारण पोलादी पिन पहिल्या काही फेऱ्यांतच घासून खाचेच्या मापाची व्हावी अशी अपेक्षा होती. जुनी ७८ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी रेकॉर्ड लावल्यावर जो ‘खर्रर्र’ आवाज येतो, त्यातला बराचसा या भुकटीचा.

१९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग याने कोलकात्यात येऊन गायिका गौहर जान यांचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. तेव्हा आपल्याकडे तबकडी दाबायची सोय नव्हती. मेणावरचं मुद्रण जहाजाने जर्मनीत हॅनोव्हरला जाई आणि तयार माल परत येई. गाण्याच्या शेवटी गौहर जान स्वतःचं नाव इंग्रजीत सांगतात, त्याचा उपयोग तिकडच्या माणसांना लेबल लावताना व्हायचा, असं सांगितलं जातं. १९०८ साली कोलकात्यात सियालदहला कारखाना निघाला आणि तो फेरा संपला. लाख मात्र आधीही इथलीच होती. ती समुद्रापार जायची आणि गाणं होऊन परत यायची, त्याबद्दल आपण पैसे मोजायचो, हा व्यवहार मला अजूनही मजेशीर वाटतो.

लाखेच्या तबकडीला ऊन सोसत नाही. खिडकीपाशी राहिली तर ती बशीसारखी खोलगट होते, आणि हाच दोष लोकांनी कामाला लावला. ब्रिटनमध्ये घासून गुळगुळीत झालेल्या ७८च्या तबकड्या गरम पाण्यात धरून त्यांच्या कुंड्या करायची पद्धत घरोघरी होती. मधलं भोक तयारच असल्याने जास्तीचं पाणी निघून जायची सोय आपोआप होई. आजच्या वाडग्याचं मूळ शोधायचं तर ते या कुंड्यांत आहे. विनाइल हे प्लास्टिक, ओव्हन, ‘टाकाऊतून टिकाऊ’ची चळवळ हे सगळं नंतरचं.

फुटकी किंवा झिजलेली तबकडी म्हणजे कच्चा माल, हे कंपन्यांना तर गृहिणींच्याही आधी ठाऊक होतं. दुसऱ्या महायुद्धात ते सर्वांना कळलं. पूर्वेकडचे समुद्रमार्ग धोक्यात आले, लाख दारूगोळ्याच्या आणि लष्करी कामांसाठी हवी होती, म्हणून एप्रिल १९४२ मध्ये अमेरिकी सरकारने रेकॉर्डसाठीच्या लाखेत ७० टक्के कपात केली. मग जुन्या तबकड्या गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या. नवी रेकॉर्ड हवी तर जुनी आणून द्या, असं दुकानदार सांगू लागले. जमलेला माल भरडला जाई, त्यात थोडी ताजी लाख घालून पुन्हा दाबला जाई. अशा भरडलेल्या गाण्यांपैकी कितीतरी आज संग्राहकांच्या याद्यांत नुसती नावापुरती उरली आहेत.

त्याच टंचाईने विनाइलला दार उघडून दिलं. पॉलिव्हिनाइल क्लोराइड, म्हणजे आपल्या नळाच्या पाइपांतलं पीव्हीसी, लवचीक करायची युक्ती वाल्डो सेमन या रसायनतज्ज्ञाला १९२६ साली सापडली होती. त्याच्या चुलत घराण्यातलं, व्हिनाइल ॲसिटेट मिसळलेलं प्लास्टिक वापरून आरसीए व्हिक्टर कंपनीने १९३१ साली दीर्घ वाजणाऱ्या तबकड्या आणूनही पाहिल्या होत्या. मंदीचे दिवस होते, यंत्रं महाग होती, प्रयोग बसला. १९४३ पासून अमेरिकी सैनिकांसाठी ज्या ‘व्ही-डिस्क’ पाठवल्या जाऊ लागल्या, त्यांना बोटीच्या प्रवासात न फुटणारा माल हवा होता आणि लाख तर मिळत नव्हती. तिथे विनाइलचं बस्तान बसलं. २१ जून १९४८ रोजी कोलंबिया कंपनीने न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ ॲस्टोरिया हॉटेलात एलपी, म्हणजे ‘लाँग प्लेइंग’ तबकडी जाहीर केली. दहा इंची ७८वर एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत, एलपीवर वीसच्या पुढे. पुढच्याच वर्षी आरसीएने ४५ची लहान रेकॉर्ड काढली.

एलपी दाबताना पाहिली की वाडग्याचं निम्मं कोडं सुटतं. यंत्रातून काळ्या प्लास्टिकचा पेढ्याएवढा जाड, गरम गोळा बाहेर येतो. त्याच्या वर एक आणि खाली एक असं कागदी लेबल ठेवतात. वर-खाली निकेलचे साचे असतात, त्यांत वाफ सोडलेली असते, तापमान दीडशे अंशांच्या आसपास. साचे बंद होतात, गोळा पसरत कडेपर्यंत जातो आणि जास्तीचा माल झालरीसारखा बाहेर लोंबतो. मग वाफेच्या जागी थंड पाणी फिरवतात, अर्ध्या मिनिटात तबकडी हातात येते. झालर कापून ती पुन्हा भट्टीकडे. लेबलाला डिंक, गोंद काहीही लावलेलं नसतं, उष्णता आणि दाबाने कागद प्लास्टिकमध्ये रुतून बसतो. म्हणूनच वाडगा करताना तबकडी लोळागोळा झाली तरी मधलं लेबल जागचं हलत नाही, आणि लाल-सोनेरी लेबल वाडग्याच्या तळाशी फुलासारखं उघडं राहतं. पुष्कळांना हे वाडगे आवडतात ते याच लेबलासाठी, असं माझं मत आहे. खाचा दिसतात, पण त्यांच्यावरून नजर सरकते.

आता कडांचं. बारा इंची तबकडीचा परीघ सुमारे ९४ सेंटीमीटर. तिचा १८ सेंटीमीटर तोंडाचा वाडगा करायचा तर तोंडाला लागणार ५७ सेंटीमीटरच्या आसपास. उरलेले ३७ सेंटीमीटर जाणार कुठे? मोदकाच्या पारीचं जे होतं तेच इथे होतं, कळ्या पडतात. कुणी बोटांनी त्या सारख्या अंतरावर पाडतं, कुणी तबकडी उलट्या डब्यावर टाकून पडतील तशा पडू देतं. एकही चुणी नसलेला गुळगुळीत वाडगा घरच्या कृतीत निघत नाही, तशी जाहिरात दिसली तर साचा आणि दाबयंत्र वापरलंय असं समजावं.

विनाइलचा हा प्रकार सत्तर-ऐंशी अंशांना ढिला पडू लागतो. साधारण शंभर अंशांच्या ओव्हनमध्ये काही मिनिटांत त्याच्या कडा खाली येतात, उकळत्या पाण्यातही हेच जरा सावकाश घडतं. आपल्या घरांत ओव्हनपेक्षा रुंद पातेलं सहज सापडतं, तेव्हा पाण्याची रीत मला जास्त सोयीची वाटते. शिवाय पाणी शंभर अंशांपलीकडे जात नाही, हा मोठा फायदा. पीव्हीसी फार तापलं तर हायड्रोजन क्लोराइडचा वायू सुटतो, घसा आणि डोळे चुरचुरतात. गॅसच्या उघड्या ज्योतीवर तबकडी धरणं तर शुद्ध आगाऊपणा. आणि जुन्या विनाइलमध्ये उष्णता सोसावी म्हणून शिशाची संयुगं घातलेली असू शकतात, त्यामुळे या वाडग्यात चिवडा, शेंगदाणे, सोललेली फळं ठेवू नयेत. किल्ल्या, लोकरीचे गुंडे, सुटी नाणी ठेवावीत.

साठ-सत्तरच्या दशकांत विनाइलचे वाडगे होत नव्हते असं नाही, पण एलपी वाजत होती तोवर तिला वाकवायला कोण धजावणार? १९७३च्या तेलसंकटात तर प्लास्टिकच महागलं. कंपन्यांनी तबकड्या पातळ केल्या, परत आलेला माल भरडून पुन्हा वापरला. कधी कधी त्यात लेबलाच्या कागदाचे कण राहून जात आणि गाण्यात चरचर येई. रेकॉर्डला भंगाराची किंमत येण्यासाठी आधी तिची गाण्याची किंमत जावी लागते. ती गेली कॉम्पॅक्ट डिस्कमुळे. १९८२ साली जपानात सीडी विकायला आली, दशक संपायच्या आत अमेरिकेत तिने एलपीला मागे टाकलं आणि नव्वदच्या दशकात तिकडच्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत एलपींचे ढीग लागले. ज्या तबकड्या लाखोंनी विकल्या गेल्या होत्या त्याच सर्वांत जास्त परत आल्या, आणि दुकानदारांना त्या फुकट देऊनही जाईनात. वाडगे, भिंतीवरची घड्याळं, वह्यांचे पुठ्ठे, पुस्तकांचे टेकू हा सगळा संसार या ढिगातून उभा राहिला. २००५ साली हातकामाच्या वस्तू विकणारी एट्सी ही बाजारपेठ सुरू झाली आणि घरातला छंद लहानसा धंदा झाला.

याच्या अगदी उलट गोष्ट सोव्हिएत रशियात घडली होती, ती इथे सांगायचा मोह आवरत नाही. पन्नाशीच्या दशकात बंदी असलेलं संगीत ऐकायला तिथे तबकडीचा मालच नव्हता, म्हणून लोक दवाखान्यांतल्या जुन्या एक्स-रे फिल्मवर खाचा कोरत. मध्ये भोक, भोवती कुणाच्या तरी बरगड्या, आणि वाजतंय जॅझ. टाकाऊ वस्तूतून गाणं काढणारे ते आणि गाण्यातून वाडगा काढणारे आपण.

आपल्याकडे हे सगळं उशिरा आलं. एलपीची जागा इथे सीडीने नाही, कॅसेटने घेतली. ऐंशीच्या दशकात कॅसेट इतकी स्वस्त झाली की एचएमव्हीचा फिएस्टा प्लेअर माळ्यावर गेला, पण रेकॉर्ड भंगारात गेलीच असं नाही. एक तर ती पाश्चात्त्य देशांइतक्या घरांत कधी पोचलीच नव्हती. ज्यांच्याकडे होती त्यांनी ती ऐपतीची खूण म्हणून जपली, आणि वाजली नाही तरी टाकली नाही. जी बाहेर पडली ती मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात गेली आणि तिथे तिला गिऱ्हाईक मिळत राहिलं. १९९० साली मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था स्थापन झाली. तिच्या मंडळींनी ७८च्या तबकड्यांवरून नाट्यसंगीत आणि ख्यालगायकीचा जो इतिहास जुळवला, तो कंपन्यांच्या दप्तरांतून हाती लागला नसता. अब्दुल करीम खाँ, बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर यांचं तरुणपणीचं गाणं आपल्याला ऐकू येतं ते कुणी तरी या काळ्या थाळ्या फुटू दिल्या नाहीत म्हणून.

त्यामुळे वाडगा करणाऱ्यांशी संग्राहकांचं वाकडं आहे, आणि त्यांची तक्रार अगदीच अनाठायी नाही. विनाइलला पुन्हा मागणी आली आहे, अमेरिकेत २०२२ साली एलपींची संख्या सीडींपेक्षा जास्त भरली, अलीकडे मुंबईतही तबकड्या पुन्हा दाबल्या जाऊ लागल्या. दहा वर्षांपूर्वी किरकोळीत मिळणाऱ्या हिंदी चित्रपटांच्या एलपीला आता हजाराच्या पटीत दाम मोजणारे भेटतात. पण चर पडलेली, पिन जागोजाग अडकणारी, किंवा परदेशातून बोटीने आलेल्या सामानात सापडणारी, हजारो प्रती निघालेली वाद्यवृंदाची रेकॉर्ड वाकवली तर संगीताचं काही बुडत नाही. त्यावर गळा काढणाऱ्यांचं मला हसू येतं.

७८ची लाखेची तबकडी मात्र आज कुंडीसाठी घेऊ नये. ओळखायला सोपी आहे: हाताला जड लागते, बोटाने टिचकी मारली तर चिनी मातीसारखा टणक आवाज देते, जराही लवत नाही, आणि फुटलेल्या कडेला आत राखाडी दगडासारखं दिसतं. विनाइल हलकं असतं, दोन्ही हातांत धरून हळूच दाबलं तर लवतं. लेबलावर वेग लिहिलेला असतो, पण जुन्या भारतीय लेबलांवर तो पुसट झालेला किंवा मुळातच छापलेला नसतो, तेव्हा टिचकीच खरी. लेबलावरचा क्रमांक आणि मधल्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेली अक्षरं उतरवून घ्यावीत, एखाद्या संग्राहकाला विचारावं, आणि त्याने नको म्हटलं तरच पाणी उकळायला ठेवावं.