अननसाची जटा आणि दगडफुलाची दाढी

उत्तराखंडात चोपत्याहून तुंगनाथला चढताना बुरांसाच्या, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनच्या, फांद्यांवरून हिरवट-करड्या धाग्यांचे झुपके लोंबत होते. आमच्या गटातल्या प्रत्येकाने फोटो काढला आणि घरच्यांना पाठवताना खाली लिहिलं, ‘स्पॅनिश मॉस’. मीही तेच लिहिलं. पुढे काही वर्षांनी अमेरिकेत, जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना गावी खरं स्पॅनिश मॉस हातात आलं आणि लक्षात आलं, की हिमालयातलं ते दुसरंच काहीतरी होतं. त्याचं नाव उस्निया. या दोघांत इतका घोळ होतो की इंग्रजीत ‘म्हाताऱ्याची दाढी’ हे टोपणनावसुद्धा दोघांनाही आहे.

सव्हानात नदीकाठी बोनाव्हेंचर नावाची जुनी दफनभूमी आहे. तिथले लाइव्ह ओक वडासारखे आडवे पसरतात आणि त्यांच्या प्रत्येक फांदीवरून राखाडी जटा खाली येतात, काही माणसाच्या उंचीच्या, काही त्याहून कितीतरी लांब. कातरवेळी तिथे उभं राहिलं की अंगावर काटा येतो. वारा आला की आधी पानं सळसळतात, आणि पानं थांबल्यावरही जटा सावकाश झुलत राहतात, जराही आवाज न करता. माझे डोळे त्यात वडाच्या पारंब्या शोधत होते. पण पारंबी मातीच्या ओढीने खाली येते, जमिनीत रुजते. या जटेला मातीशी काही देणंघेणं नाही. तिला मुळंच नसतात.

मग ती जगते कशावर? इथे तिचं कूळ सांगायला हवं. स्पॅनिश मॉस स्पॅनिश नाही आणि मॉसही नाही. ते अननसाच्या कुळातलं सपुष्प झाड आहे. व्हर्जिनियाच्या किनाऱ्यापासून थेट अर्जेंटिनापर्यंत, जिथे हवा दमट आणि थंडी बेताची, तिथे ते वाढतं. त्याच्या धाग्यासारख्या पानांवर आणि देठांवर बारीक खवले असतात. कोरड्या हवेत या खवल्यांमुळे प्रकाश विखुरतो आणि सगळं झाड चंदेरी-राखाडी दिसतं. पावसाची सर आली की खवले पाणी शोषून पारदर्शक होतात, आतला हिरवा रंग वर येतो आणि काही मिनिटांत सगळ्या जटा हिरव्या होतात. हेच खवले हवेतली धूळ आणि पावसात विरघळलेले क्षारही टिपून घेतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड ते रात्री आत घेतं. त्यामुळे दिवसाच्या उन्हात छिद्रं बंद ठेवता येतात आणि पाणी उडून जात नाही. उन्हाळ्याच्या सुमारास त्याला फुलंही येतात, हिरवट, तीन पाकळ्यांची, इतकी लहान की शोधावी लागतात. रात्री मात्र त्यांचा मंद सुगंध येतो.

उस्निया या अर्थाने झाडच नव्हे. ती बुरशी आणि शैवाल यांची भागीदारी आहे, म्हणजे लायकेन. घर बुरशीचं, स्वयंपाक शैवालाचा. आपल्या गोड्या मसाल्यात पडणारं दगडफूलही लायकेनच आणि तेही उस्नियाच्याच कुळातलं. थोडक्यात, सतत गल्लत होणाऱ्या या जोडीतल्या एकाचे भाऊबंद आपल्या अननसाच्या शिऱ्यात आहेत आणि दुसऱ्याचे आमटीत. मला कूळ लक्षात ठेवायला याहून सोपी खूण सापडलेली नाही.

घोळ नावातच शिरला आहे. १७५३ साली स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने स्पॅनिश मॉसला जे शास्त्रीय नाव दिलं त्यातला ‘उस्निऑयडिस’ म्हणजे ‘उस्नियासारखं दिसणारं’. पुढे त्याने ते टिलांड्सिया या प्रजातीत टाकलं. ही प्रजात एलियास टिलांड्झ या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावाची. एकदा बोट लागून त्याचे इतके हाल झाले, की परतताना समुद्र टाळून तो आखाताला वळसा घालत जमिनीवरून घरी गेला, असं सांगतात. या झाडांनाही पाणी नकोसं असतं असं लिनियसला वाटलं, म्हणून हे नाव. प्रत्यक्षात दमट हवेवाचून स्पॅनिश मॉसचं पान हलत नाही.

फोटोवरून ओळख पटत नसेल तर एक धागा तोडून बघावा. स्पॅनिश मॉसचा धागा नखाने खरवडला की वरची राखाडी साल निघते आणि आत काळसर, चिवट तार लागते, घोड्याच्या केसासारखी. उस्नियाचा धागा भिजवून दोन्ही टोकांनी हळूच ताणला, की वरची हिरवट साल मण्यामण्यांनी तुटते आणि मधून पांढरी दोरी बाहेर येते. ती इलॅस्टिकसारखी किंचित ताणली जाते. आत काळी तार की पांढरी दोरी, एवढ्यावर निकाल लागतो. रंगावर जाऊ नये, दोघांचा रंग ओलाव्याप्रमाणे बदलतो.

त्या काळ्या तारेवर एक अख्खा धंदा उभा होता. लुइझियाना आणि फ्लोरिडात लोक स्पॅनिश मॉस झाडांवरून ओढून काढत, ढीग घालून ओलं ठेवत आणि साल कुजू देत. उरलेली तार धुऊन, वाळवून ‘मॉस जिन’मध्ये साफ होई. जिन म्हणजे आपल्या विदर्भात कापसाचं असतं तसंच. हे तंतू गाद्यांत, खुर्च्यांत आणि सुरुवातीच्या मोटारींच्या सीटमध्ये भरले जात. लुइझियानातल्या जुन्या फ्रेंच घरांच्या भिंतींत मातीसोबत हेच मॉस तुडवलेलं आहे. कुजून, धुऊन, भरडूनही ते टिकतं. हातात घेतल्यावर त्या तारेचा चिवटपणा कळतो आणि मग नवल वाटत नाही.

दोघांवरही एकच आळ येतो, की हे बांडगूळ आहे, झाडाला खातं. कोकणात आंब्यावर बांडगूळ पाहिलेल्या माणसाला तसं वाटणारच. पण बांडगुळाची मुळं फांदीत शिरून तिचा रस ओढतात. स्पॅनिश मॉस नुसतं लटकतं आणि उस्निया फक्त सालीला धरून बसते. वाळत चाललेल्या झाडावर दोन्ही जास्त दिसतात, कारण पानं झडली की उजेड आत येतो. मॉस फारच दाट झालं तर सावली आणि ओझं यांचा फांदीला त्रास होतो, हे खरं. पण म्हणून सरसकट ओरबाडून काढणं मला तरी पटत नाही, कारण त्या जटांत वटवाघळं झोपतात आणि उड्या मारणारा एक कोळी तर फक्त स्पॅनिश मॉसवरच राहतो.

हवेशी वागणं मात्र दोघांचं वेगळं. स्पॅनिश मॉस हवेतले जड धातू अंगात साठवतं, त्यामुळे संशोधक प्रदूषण मोजायला त्याचे नमुने तपासतात. उस्निया तेवढं सोसत नाही. सल्फर डायऑक्साइड वाढला की ती मरते. ती लोंबताना दिसली तर तिथली हवा चांगली आहे असं समजायला हरकत नाही.

कॅलिफोर्नियात हा गोंधळ तिसऱ्याच्या वाट्याला येतो. तिथल्या ओकांवरची मासेमारीच्या जाळ्यासारखी लोंबणारी रामालिना लोकांना स्पॅनिश मॉस वाटते. तीही लायकेन, आणि २०१६ पासून त्या राज्याचं अधिकृत लायकेन. आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या नर्सऱ्यांत तारेला लटकवून विकतात ते मात्र खरं स्पॅनिश मॉस. त्याला माती नको, पाण्याचा फवारा आणि खेळती हवा हवी.

अमेरिकेत नॉर्दर्न पॅरुला नावाचा एक चिमुकला पक्षी आहे, पाठ निळसर, गळा पिवळा. दक्षिणेत तो लोंबत्या स्पॅनिश मॉसच्या आत पोकळी करून घरटं करतो. उत्तरेत स्पॅनिश मॉस वाढत नाही, तिथे तो उस्नियाच्या झुपक्यात अगदी तसंच घरटं करतो. ईशान्येकडच्या काही भागांतून तो दिसेनासा झाला. तिथली उस्निया संपली हे त्यामागचं एक कारण मानलं जातं.