लिमिटेड एडिशन आणि दुर्मिळ, रेसिंगच्या घड्याळात हा फरक आधी समजून घ्या

परवा भाचा नवीन घड्याळ दाखवायला आला, म्हणाला मामा बघा ना, रेसिंग टीमचं लिमिटेड एडिशन आहे, दुकानदार म्हणत होता पाच वर्षांत डबल होईल. मी उलटं करून पाहिलं, मागच्या झाकणावर टीमचा लोगो आणि खाली कोरलेलं २२१४/५०००. आता पाच हजार म्हणजे काही थोडी नाहीत.

लिमिटेड म्हणजे किती बनवायची ते कंपनीने ठरवलं, बस. दुर्मिळ म्हणजे घ्यायला दहा जण उभे आणि द्यायला एकच तयार, आणि हे कंपनीला ठरवता येत नाही. इंदूरकरांना सराफ्याचं उदाहरण लगेच पटेल, अंगठी मोडायला नेली की सोन्याचं वजन होतं, त्या दिवसाचा भाव लागतो आणि घडणावळ गेलीच समजा. या घड्याळांत लोगो, नंबर, स्पेशल डबा ही सगळी घडणावळ आहे. मी स्वतः असंच एक क्वार्ट्झवालं विकायला काढलं होतं, डबा, पावती, वॉरंटी कार्ड सगळं जपलेलं, तरी निम्म्याच्या वर कोणी गेलं नाही, फार वाईट वाटलं तेव्हा.

उलट रोलेक्सची डेटोना बघा. १९६३ पासून येतेय, रेसिंगसाठीच काढलेली, आणि ती काही नंबर घातलेली लिमिटेड एडिशन नाही. तिच्या ज्या वेगळ्या डायलला आज पॉल न्यूमन (हॉलिवूडचा नट, रेसिंगही करायचा) याच्या नावाने पॉल न्यूमन डायल म्हणतात ती तेव्हा दुकानात कोणी घेत नव्हतं, म्हणून कमी बनली, म्हणून आज मिळत नाही. न्यूमनची स्वतःची २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ७७ लाख डॉलरला गेली. अर्थात त्यात त्या माणसाच्या नावाचा हात आहे, ते सोडून बाकीच्यांना तो भाव लावू नका. ह्युअरच्या चौकोनी मोनॅकोचंही तेच, १९६९ मध्ये आली, फारशी चालली नाही, आणि आता लोक जुनीच शोधत फिरतात.

दुसरी गोष्ट म्हणजे करार. टिसो ही घड्याळ कंपनी २००१ पासून मोटोजीपीची, म्हणजे मोटारसायकल रेसिंगची, टाइमकीपर आहे, दर सीझनला नवीन लिमिटेड एडिशन येते, मग मागच्या वर्षीच्याला कोण विचारणार? फेरारीचं नाव २०११ पासून हुब्लोच्या घड्याळांवर होतं, २०२१ मध्ये करार रिशार मिलकडे गेला. टीम कंपनी बदलते, तुमच्या मनगटावरचा लोगो मात्र तोच राहतो.

म्हणून मी एकच विचारतो, लोगो झाकला तर हे घड्याळ याच पैशात घेशील का? भाचा थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला हो मामा, मला ही कडेची आकड्यांची रिंग फार आवडते. ती कशासाठी असते हे त्याला माहीतच नव्हतं! रविवारी देवास रोडला गेलो, गाडी मी चालवली, किलोमीटरच्या दगडापाशी त्याने स्टॉपवॉचचं बटण दाबलं, पुढचा दगड आला तेव्हा परत दाबलं, ४५ सेकंद झाले होते आणि काटा रिंगवर बरोबर ८० ला थांबलेला, म्हणजे ताशी ८० किलोमीटर वेग, स्पीडोमीटरही ८० च दाखवत होता.