भौतिकोपचार (मराठवाडा)

दुखापत, शस्त्रक्रिया किंवा आजारपणानंतर अडलेली हालचाल व्यायाम, हाताने दिलेली ताण-दाब क्रिया, शेक आणि सौम्य विद्युतप्रवाह यांच्या साहाय्याने परत मिळवून देणारी उपचारशाखा म्हणजे भौतिकोपचार. हा शब्द सरकारी कागदापुरता. बोलताना फिजिओथेरपी किंवा नुसते ‘फिजिओ’. मराठवाड्यातल्या खेड्यांत तर ‘शेकायला चाललो’, ‘करंट घ्यायला चाललो’ असेच म्हणतात. इथल्या उपचाराचे मुख्य दुखणे याच बोलण्यात आहे. पेशंटच्या लेखी मशीन लावले म्हणजे उपचार झाला. खांदा वर नेण्याचे, गुडघा वाकवण्याचे काम मात्र व्यायाम करतो, आणि तो घरी करायचा असतो.

भारतात या विषयाचे रीतसर शिक्षण १९५० नंतरच्या दशकात मुंबईत सुरू झाले. हाजीअलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ ची. मराठवाडा त्या वेळी हैदराबाद राज्यात होता. १९५६ मध्ये औरंगाबादला (आताचे छत्रपती संभाजीनगर) शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. त्याचे रुग्णालय सगळ्या विभागाला ‘घाटी’ म्हणून ठाऊक आहे. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९७४ चे. पुढे संभाजीनगर आणि लातूर इथे फिजिओथेरपीची स्वतंत्र महाविद्यालये झाली. चार वर्षांचा अभ्यासक्रम आणि सहा महिन्यांची आंतरवासिता, असे पदवीचे गणित अनेक वर्षे चालत आले. शिकून बाहेर पडलेली पोरे बहुतेक पुण्या-मुंबईची वाट धरतात. तालुक्याला राहतो त्याचा दवाखाना म्हणजे शटरच्या गाळ्यात दोन टेबले, एक पडदा, ट्रॅक्शनची (मणका ताणण्याची) वजने आणि भिंतीवर मणक्याचे चित्र.

‘पुनर्वसन’ म्हटले की लातूर-धाराशिवच्या माणसाला अजूनही वसाहती आणि नवी गावठाणे आठवतात, उपचार नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचे मातीचे धाबे झोपलेल्या माणसांवर कोसळले. हजारो दगावले, जे वाचले त्यांत हातपाय चिरडलेले आणि मणका मोडलेले पुष्कळ होते. मणक्यातला मज्जारज्जू तुटला तर तो जुळत नाही. अशा माणसाच्या उपचाराचा अर्थ वेगळा असतो: दर दोन तासांनी कूस बदलायची म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत, दंडांत बळ आणायचे म्हणजे खाटेवरून चाकाच्या खुर्चीत स्वतःला उचलता येते, लघवीची नळी हाताळायला शिकायचे. हे शिकवणारी माणसे त्या काळी या भागात फार थोडी होती. घरे मोजून बांधून दिली गेली, पण चाकाची खुर्ची आत जाईल असा उंबरठा कुणाच्या नकाशात असेल, असे वाटत नाही.

नेहमीचे पेशंट मात्र भूकंपाचे नसतात, कामाचे असतात. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला ‘कोयता’ म्हणतात. माणसाचे नावच अवजारावरून पडलेले. पहाटेपासून कमरेत वाकून बुडख्याला घाव घालायचा, वाढे छाटायचे, मोळी बांधायची आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचे. मोळी तीस-चाळीस किलोच्या घरात भरते. वाकलेल्या अवस्थेत पिळा देऊन ओझे उचलणे हा कमरेच्या मणक्यांमधल्या गादीवर येणारा सगळ्यांत वाईट ताण. गादी मागे सरकून शिरेवर दाबली की कळ ढुंगणातून पोटरीपर्यंत जाते. लोक म्हणतात ‘शीर आखडली’. बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही. काही आठवडे ओझे बंद, हळूहळू चालणे, पाठीच्या आणि पोटाच्या स्नायूंचे व्यायाम, एवढ्यावर कळ ओसरते. पण मुकादमाकडून आगाऊ पैशांची उचल घेतलेली असते आणि कामावर न गेलेल्या दिवसाचा ‘खाडा’ अंगावर पडतो. त्यामुळे ‘ओझे उचलू नका’ हा सल्ला ज्याला दिला जातो त्याला तो पाळता येत नाही. जाणता उपचारक मग सल्ला बदलतो: वाकण्याऐवजी गुडघे मोडून बसा, मोळी अंगाजवळ धरा, वळायचे तर कमरेतून नको, पाय उचलून वळा. याने सगळे दुखणे जात नाही, पण हंगाम निघतो.

बायकांची गोष्ट आणखी अवघड. बीडमधील ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांसाठी २०१९ मध्ये राज्य सरकारने चौकशी समिती नेमली, तेव्हा हा विषय गाजला. अशा शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे जड उचलायचे नसते, ओटीपोटाचे आणि श्रोणीतळाचे (ओटीपोटाला खालून तोलणारे) स्नायू हळूहळू परत घट्ट करायचे असतात. त्याचे व्यायाम साधे आहेत, पडल्या पडल्या होतात. ते सांगणारे कुणी भेटतच नाही, आणि बाई थेट हंड्याखाली जाते.

लकवा, म्हणजे अर्धांगवायू, हा या शाखेचा सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत जास्त वाया गेलेला विषय. मेंदूच्या एका भागाचा रक्तपुरवठा तुटला की त्या भागातल्या पेशी मरतात आणि त्या परत येत नाहीत. पण शेजारचे आणि दुसऱ्या बाजूचे भाग ते काम थोडेफार शिकून घेतात. त्यासाठी तीच हालचाल शेकडो वेळा करावी लागते, आणि सुधारणेचा मोठा वाटा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत पदरात पडतो. हेच महिने खेड्यात कुठे जातात? पारव्याचे रक्त चोळण्यात, झाडपाल्याच्या औषधासाठी गाडी करून लांबच्या गावी जाण्यात, बिब्ब्याने डागून घेण्यात. बिब्ब्याचे तेल कातडी जाळते. ज्या अंगाला स्पर्श कळत नाही तिथे ती जखम चिघळेपर्यंत लक्षातही येत नाही.

घरचे लोक माया म्हणून जे करतात तेही कधी नडते. पेशंटला बाजेवरून उठवताना दोघे जण बखोट्याला धरून ओढतात. लकव्यात खांदा धरून ठेवणारे स्नायू सैल पडलेले असतात. ओढल्याने दंडाचे हाड खोबणीतून खाली उतरते, आणि मग दुखतो म्हणून हात कायमचा पोटाशी धरला जातो. उठवायचे ते कमरेला पंचा किंवा पट्टा बांधून, त्याला धरून. काठी चांगल्या हातात द्यायची. मऊ चेंडू दाबत बसायचा सल्ला जो तो देतो, पण ज्याची बोटे आधीच मुठीत आवळलेली आहेत त्याला मूठ उघडायला शिकवायचे असते, आवळायला नाही.

सराव जमतो तो घरातल्या वस्तूंनी. एका पसरट परातीत ज्वारी ओततात, त्यात चार सुपाऱ्या लपवतात आणि न बघता दुबळ्या हाताने शोधायला लावतात. बोटांना स्पर्श आणि पकड दोन्ही मिळतात. मनगट मोडून प्लास्टर निघालेल्या बाईला काठवटीत भाकरी थापायला सांगितले की वेगळा व्यायाम शिकवावा लागत नाही: तळहात पुढे रेटणे, मनगट मागे वळवणे, बोटे पसरणे, सगळे त्यात येते. सुरुवातीला भाकरी वाकडी होते, फाटते. ती चुलीवर टाकायची नाही, पुन्हा मळून पुन्हा थापायची. आखडलेल्या खांद्याला वसरीच्या तुळईवरून किंवा लिंबाच्या फांदीवरून दोरी टाकून कप्पी करतात; चांगला हात ओढतो, दुखरा वर जातो. भिंतीवर बोटे चढवत जिथवर हात पोचला तिथे कोळशाने रेघ मारायची. आठ दिवसांनी रेघ दोन बोटे वर सरकलेली दिसली, की पेशंट मशीनची चौकशी करायचे सोडतो. मधुमेह असलेल्यांत हा आखडलेला खांदा जास्त आढळतो आणि तो मोकळा व्हायला वर्षभरही लागू शकते, हे आधीच सांगितलेले बरे.

हाडवैदाकडे गेलेला हातही इथेच येतो. बांबूच्या कामट्या लावून बांधणे मुळात वाईट नाही, आधारच आहे तो. पण सूज वाढत असताना पट्टी घट्ट राहिली तर रक्त थांबून स्नायू मरतात आणि बोटे आकड्यासारखी वळून बसतात. मग कितीही व्यायाम केला तरी पूर्वीचा हात येत नाही. बांधल्यावर बोटे काळीनिळी किंवा बधिर झाली, तर पट्टी त्याच वेळी सोडायला हवी.

गुडघ्याच्या बाबतीत पुस्तकातले माप इथे अपुरे पडते. खुर्चीतून उठायला गुडघा नव्वद-शंभर अंश वाकला तरी भागते. उकिडवे बसायला एकशेवीसच्या पुढे लागतो, आणि मांडी घालायची तर नितंबाचा सांधाही वळावा लागतो. पंगतीला, भजनाला, शौचाला, वेचलेला कापूस निवडायला, सगळीकडे बसायचे ते खालीच. ‘मांडी घालता येते का?’ हा प्रश्न म्हातारी माणसे एकमेकांना विचारतात तो याचसाठी. सांधा बदललेल्यांना खाली बसायला सहसा मनाईच असते. त्यांच्यापुरती पंगतीत एक प्लास्टिकची खुर्ची ठेवलेली असते, आणि तिच्यावर बसायला त्यांना लाज वाटते.

२००६ मध्ये राज्यात पसरलेल्या चिकुनगुन्याने घोटे आणि बोटांचे सांधे महिनोन्‌महिने धरले, तेव्हा या दवाखान्यांत अचानक गर्दी झाली. पोलिओचे जुने पेशंट आता चाळिशी-पन्नाशी ओलांडलेले दिसतात. देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ चा. लहान मुलांत सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेने हालचाल बिघडलेली मुले) आणि उशिरा मान धरणारी बाळे जास्त येतात. त्यांच्यासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून (२०१३) जिल्ह्याच्या ठिकाणी डीईआयसी, म्हणजे बाळातले दोष लवकर ओळखून उपचार करणाऱ्या केंद्रांची सोय झाली. पण आठवड्यातून तीनदा बाळाला कडेवर घेऊन एसटीने जिल्ह्याला जायचे तर आईची मजुरी बुडते, म्हणून बहुतेक आया दोन-चार खेपांत बाळाला धरण्याची, बसवण्याची पद्धत शिकून घेतात.

ऊसतोडीच्या पट्ट्यातल्या उपचारकांचे वर्ष हंगामामुळे दोन तुकड्यांत पडते. दिवाळीनंतर दवाखान्यात म्हातारी माणसे आणि शाळकरी पोरे उरतात. गुढीपाडव्याच्या आगेमागे टोळ्या परततात, आणि कार्तिकात अर्धवट सोडून गेलेले पेशंट जुना कागद घेऊन दारात उभे राहतात. पाय किती उचलला जातो ते पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागते.