जन्मजात अनेक दोष असलेल्या तान्ह्या बाळांचे यकृत प्रत्यारोपण

यकृताबरोबरच हृदय, प्लीहा, आतडी किंवा रक्तवाहिन्यांतही जन्मतः दोष असलेल्या बाळाचे निकामी यकृत काढून तिथे दात्याच्या यकृताचा भाग बसवण्याची शस्त्रक्रिया. ‘इतकं सगळं आहे, आता कशाला बाळाचे हाल?’ असे घरचे विचारतात. पण निव्वळ दोष मोजून प्रत्यारोपण नाकारू नये. त्यांतले कोणते दुरुस्त होतील आणि आधी काय करायचे, हे महत्त्वाचे.

प्रत्यारोपणाचे मुख्य कारण म्हणजे यकृतातले पित्त आतड्यात नेणारी पित्तनलिका बंद असणे. अशा बाळांपैकी सुमारे १० टक्क्यांत इतर दोषही आढळतात: एकाऐवजी अनेक छोट्या प्लीहा, उलट्या बाजूचे अवयव, आतड्याची चुकलेली वळणे, हृदयदोष. काहींत यकृतामागून हृदयाकडे जाणारी मोठी शीर मध्येच तुटलेली असते आणि यकृतातल्या शिरा थेट हृदयात उघडतात. नवे यकृत कुठे जोडायचे, हे त्यामुळे सीटी स्कॅन पाहून आधीच ठरवावे लागते. यकृताकडे रक्त आणणारी शीर या वयात मुळातच जेमतेम काही मिलिमीटरची. तीही अरुंद असेल तर गुठळीचा धोका वाढतो. हृदयदोष गंभीर असेल तर बहुधा आधी त्याचा उपचार होतो.

अलाजिल सिंड्रोम या जनुकीय आजारात यकृत, हृदय, मणके आणि चेहऱ्यावर परिणाम दिसतो. हा आजार आईवडिलांपैकी एकाकडून येऊ शकतो, म्हणून धडधाकट दिसणाऱ्या दात्याचीही त्यासाठी तपासणी करतात.

दाता बहुधा आई किंवा वडील. त्यांच्या यकृताच्या डाव्या बाजूचा छोटा भाग घेतात. तो बाळाच्या वजनाच्या ४ टक्क्यांहून जड झाला तर पोटात मावत नाही, कापून आणखी लहान करावा लागतो. भारतात लहान मुलाचे पहिले यशस्वी प्रत्यारोपण नोव्हेंबर १९९८ मध्ये दिल्लीत झाले. दाता वडीलच होते. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात २०११ च्या दुरुस्तीने आजी-आजोबाही जवळचे नातेवाईक ठरले.

नागपुरात मेंदूमृत दात्यांच्या अवयवांचे वाटप विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र पाहते. शहरात मोठ्यांची यकृत प्रत्यारोपणे होतात. तान्ह्या बाळांना मात्र बहुधा मुंबई, दिल्ली किंवा चेन्नईला न्यावे लागते. गडचिरोली-गोंदियाकडून नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांपर्यंत पोचण्यातच आठवडे जातात. त्यात ‘कावीळ आहे, कोवळ्या उन्हात धरा’ हा सल्ला. दोन आठवड्यांनंतरही डोळे पिवळे, लंगोटावर लघवीचा पिवळा डाग किंवा शी खडूसारखी पांढुरकी दिसली, तर उन्हाची वाट पाहू नये. रक्तातले ‘डायरेक्ट बिलिरुबिन’ तपासावे, ते वाढले तर पित्त अडल्याची शंका येते. पित्ताला वाट करून देणारी कासाई शस्त्रक्रिया ६० दिवसांच्या आत झाली तर अधिक यशस्वी होते, आणि प्रत्यारोपण लांबते किंवा टळते.

प्रत्यारोपणानंतर शरीराने नवे यकृत नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध बहुधा आयुष्यभर घ्यावे लागते. ग्रेपफ्रूट आणि पपनस वर्ज्य, कारण त्यांनी औषधाची रक्तातील पातळी वाढते. गोवर-कांजिण्यांसारख्या जिवंत लसी नंतर सहसा देत नाहीत. वय आणि प्रकृती साथ देत असेल तर त्या आधीच उरकतात.