बीप वाजला म्हणून केबल चांगली ठरत नाही

तोफ ओढणाऱ्या ट्रकला सेल्फ मारला की नुसता 'टक' आवाज येतो. पोरगा मल्टिमीटर काढतो, डायल बीपवर नेतो, बॅटरी केबलच्या दोन टोकांना प्रोब टेकवतो. मीटर वाजतो. "सर, केबल ओके. स्टार्टर गेला." आयटीआयचं वर्कशॉप असो, अंबडचं गॅरेज असो की लिलावात घेतलेला जुना लष्करी ट्रक, निकाल ठरलेला. चांगला स्टार्टर उतरतो, नवा चढतो आणि गाडी पुन्हा 'टक' करते.

ही बीपची चाचणी, म्हणजे कंटिन्यूइटी, सगळ्यांना येते, त्यावर वेळ घालवत नाही. तार तुटली आहे की सलग आहे, एवढंच ती सांगते. फ्यूज, बल्ब, स्विच यांच्यासाठी उत्तम. लष्करी गाडीत 24 व्होल्ट असतात, म्हणजे 12 च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, हेही माहीत असेलच. (मधल्या जोडावरून 12 व्होल्ट काढून पंखा आणि टेप चालवणाऱ्यांना माझा दंडवत. एक बॅटरी उपाशी राहते, दुसरी ओव्हरचार्ज होऊन फुगते आणि बोल लागतो तो बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरला.)

घोळ होतो तो कंटिन्यूइटी आणि व्होल्टेज ड्रॉप (करंट वाहताना वाटेत गळणारे व्होल्ट) यांत. बीपच्या वेळी मीटर तारेतून जेमतेम एखादा मिलिअँपिअर सोडतो. स्टार्टर ओढतो शेकडो अँपिअर. फळकुटावरून शेळी गेली म्हणून बैलगाडी जाईल असं थोडंच आहे? केबलचे निम्मे पदर लगपाशी, म्हणजे टोकाच्या धातूच्या कानापाशी, सडलेले असले तरी मीटर तितक्याच आनंदाने वाजतो.

आकडा मांडून बघा. स्टार्टर 300 अँपिअर ओढतोय आणि वाटेत 3 व्होल्ट गळतायत, तर त्या वाटेचा रेझिस्टन्स झाला 0.01 ओहम. मीटरच्या प्रोबच्या तारांचाच 0.2 ओहमच्या आसपास असतो. म्हणजे जो दोष शोधायचा, त्याच्या वीसपट गोंधळ हातातल्या तारांमध्येच. ओहमवर लावून तो दिसणार कसा? उलट 300 अँपिअरला तेच 3 व्होल्ट म्हणजे त्या सडक्या जोडावर 900 वॉट उष्णता. सेल्फ मारल्यावर लग चटका देतो तो त्यामुळेच.

म्हणून मीटर डीसी व्होल्टवर ठेवायचा. लाल प्रोब बॅटरीच्या शिशाच्या खांबावर (क्लॅम्पवर नाही, खांबावरच, कारण दोष बहुधा त्या दोघांच्या मध्येच बसलेला असतो), काळा स्टार्टरच्या जाड बोल्टवर, आणि दुसऱ्याने सेल्फ मारायचा. मीटर दाखवतो ती गळती. अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर मी ती बाजू सोडून देतो. जास्त असेल तर काळा प्रोब एकेक जोड मागे आणत जायचं. आकडा जिथे एकदम पडेल, दोषी तो जोड. हेच अर्थच्या, म्हणजे करंट परत येण्याच्या, बाजूनेही करायचं: इंजिनच्या धातूपासून निगेटिव्ह खांबापर्यंत. ही बाजू कोणी बघतच नाही. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात उभी राहिलेली गाडी असेल तर मी सुरुवातच अर्थच्या पट्टीपासून करतो. रंगावर घट्ट आवळलेला बोल्ट आणि आत हिरवा पडलेला तांब्याचा पदर, हे तिथे नेहमीचं.

आता जीवावर बेतणारा फरक. कंटिन्यूइटी बघायची तर सप्लाय तोडलेला हवा. व्होल्टेज ड्रॉप बघायचा तर सप्लाय चालू आणि लोड लागलेला हवा. पोरं नेमकं उलटं करतात: जिवंत सर्किटवर ओहम लावून मीटर जाळतात आणि बॅटरी काढून ड्रॉप शोधतात. ड्रॉपच्या वेळी गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकांना लाकडी ठोकळे, इंधन बंद. अंगठी-कडं आधी काढायचं. काम झाल्यावर केबल सोडायची तर निगेटिव्ह आधी, जोडायची तर निगेटिव्ह शेवटी. चार्जिंगला असलेल्या बॅटरीजवळ ठिणगी नको, हवेत 4 टक्के हायड्रोजनही पेट घ्यायला पुरतो.

9 नोव्हेंबर 2018 ला देवळालीत लष्करात आलेली के-9 वज्र घ्या किंवा दुसरी कुठलीही पट्ट्यांवर धावणारी तोफ, नियम बदलत नाही. फिरत्या टरेटला (तोफेच्या बुरुजाला) वीज स्लिप रिंगमधून जाते, म्हणजे गोल कड्यांवर घासणाऱ्या ब्रशमधून. ब्रश झिजले तरी उभ्या गाडीत बीप छान वाजतो, टरेट फिरवायला घेतलं की व्होल्टेज बसतं. अर्थात तिथे टरेटच्या वाटेत कोणी नाही आणि तोफ रिकामी आहे, हे तपासल्याशिवाय लोड लावायचाच नाही.

एका जागी मात्र या दोन्ही चाचण्या बाद: फायरिंग सर्किट आणि धुराच्या ग्रेनेडचे लाँचर. विजेने पेटणाऱ्या प्रायमरला (दारू पेटवणाऱ्या टोपीला) मीटरचा किरकोळ करंटसुद्धा जास्त होऊ शकतो. तिथे दारूगोळा उतरवून, त्या कामासाठी मंजूर असलेल्या टेस्टरनेच आणि त्या कामाच्या माणसानेच बघायचं. खिशातला मल्टिमीटर खिशातच ठेवा.