स्वागतयात्रेला नऊवारी-फेटा घालून निघताय? आधी हे वाचा

गुढीपाडव्याआधीचे पंधरा दिवस आमच्या भाड्याने कपडे देणाऱ्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. त्या गडबडीत प्रत्येकाशी निवांत बोलणे होत नाही, म्हणून दरवर्षी तोंडी सांगतो ते यंदा छापून पिशवीत घातले आहे. घरी गेल्यावर एकदा सगळ्यांनी मिळून वाचा.

डोंबिवलीत गणेश मंदिर संस्थानाने १९९९ साली नववर्ष स्वागतयात्रा सुरू केली आणि पुढे ठाणे, गिरगाव करत तिचे लोण सगळीकडे पसरले. ढोल-ताशे, लेझीम, चित्ररथ, चौकाचौकातली रांगोळी, हे सगळे भर रस्त्यात. तिकीट नाही, नावनोंदणी नाही. पालखीमागे चालू लागलात की तुम्ही यात्रेतले. लेझीम किंवा ढोल पथकात उतरायचे असेल तर मात्र तालमीला आधीपासून जावे लागते, आयत्या वेळी कुणी हातात टिपरू देत नाही.

यात्रेत दोन-तीन तास सहज चालणे होते, आणि ताशा कडाडला की पाय जागच्या जागी राहत नाहीत. कपडा त्या हिशेबाने निवडा.

नऊवारी

शिवलेली नऊवारी पाच मिनिटांत अंगावर चढते, म्हणून तिला मागणी जास्त. पण ती मांडीत किंवा गुडघ्यात घट्ट झाली तर लेझमाची बैठक घेता येत नाही आणि शिवण उसवते. शिवलेली घेणार असाल तर आरशासमोर उभे राहून ठरवू नका. दुकानातच उकिडवे बसा, बाहेरचा जिना चढून-उतरून या, मग हो म्हणा. आम्हाला घाई नाही.

ज्यांना जमेल त्यांनी नेसायचीच घ्यावी, असे आमचे मनापासून मत आहे. सव्वाआठ मीटरची ही साडी अंगाप्रमाणे बसते, सडपातळ मुलीला आणि तिच्या आजीलाही. परकर नसतो, त्यामुळे सगळा भार कमरेच्या गाठीवर येतो. गाठ पोट आत ओढून मारली की श्वास सोडताच काचते. सहज उभे राहून मारा. मग निऱ्या. निऱ्यांचा मधला काठ दोन्ही पायांमधून मागे घेऊन खोचला की काष्टा झाला. इथे एक गोष्ट बहुतेक जणी चुकतात: काष्टा ताठ उभे राहून खोचतात. पहिल्याच पायरीवर तो मागून ओढतो आणि दिवसभर चालताना अवघडल्यासारखे होते. खोचताना गुडघ्यात थोडे वाका, म्हणजे हालचालीपुरते कापड मोकळे राहते. आत सायकलिंग शॉर्ट्स घाला. पिना खांद्याला आणि काष्ट्याला, बस. जास्त पिना लावल्या की कापड फाटते.

पैठणी सगळ्यांनाच हवी असते. पण चैत्राच्या उन्हात घाम येतो आणि रेशमावर घामाचा डाग पडला की जाता जात नाही. पायी चालणाऱ्यांनी सुती इरकल घ्यावी, वर खणाची चोळी. लाल पदर आणि त्यावरचे पांढरे पट्टे दुरूनही उठून दिसतात. नाक टोचलेले नसेल तर दाबाची नथ आहे. ती आदल्या रात्री तासभर घालून बघा, काहींना टोचते.

फेटा

आठ-नऊ मीटर कापड, एक जण टोक धरून पीळ देणारा आणि एक बांधणारा. बांधताना कपाळावर एक बोट आत जाईल इतकी ढील आम्ही ठेवतो. ‘अजून घट्ट करा’ असा आग्रह धरू नका, दोन तासांत डोके ठणकायला लागते. फेटा बांधणाऱ्या मुलींनी अंबाडा मानेजवळ खाली घालावा. पुणेरी पगडी तयार मिळते, तिला बांधायला माणूस लागत नाही. डोक्याचे माप तेवढे आधी देऊन ठेवा.

बुलेटवर बसणाऱ्यांसाठी

हा भाग कृपया वगळू नका. काही वर्षांपूर्वी आमच्याकडून साडी नेलेल्या एका ताईंचा पदर चालत्या गाडीच्या मागच्या चाकात गुंतला. गाडी गर्दीत अगदी हळू होती म्हणून पदर फाटण्यावर निभावले. त्या फाटक्या साडीचे पैसे आम्ही घेतले नाहीत, पण तो पदर हातात घेतल्यावर पोटात गोळा आला होता. तेव्हापासून गाडी चालवणाऱ्या आणि मागे बसणाऱ्या प्रत्येकीचा पदर आम्ही कमरेला आवळून दोन ठिकाणी टाचूनच देतो. शेला गळ्यात मोकळा सोडू नका. आणि हेल्मेट. पगडी घालणाऱ्या शीख चालकांना कायद्याने हेल्मेटमधून सूट आहे, आपल्या फेट्याला नाही. यात्रेच्या ठिकाणापर्यंत हेल्मेट घालून या, फेटा तिथे गाडीवरून उतरल्यावर बांधा.

लहान मुले

शिवराय आणि जिजाऊंचे वेश सर्वांत आधी संपतात. जिरेटोप कापडीच मागा. फायबरचा भारी दिसतो, पण पाच वर्षांच्या मुलाची मान अर्ध्या तासात दुखते. दाढीचा गोंद आदल्या दिवशी मनगटावर लावून बघा, लाल झाले तर दाढी पेन्सिलने काढू. रस्त्यात मोठी माणसे त्या लेकराला वाकून मुजरा करतात. ते काय आहे, हे त्याला घरून नीट सांगून आणा. आणि लेकरू कंटाळले तर टोप काढून कडेवर घ्या, फोटोसाठी उन्हात उभे करू नका.

पायात नवी कोल्हापुरी घालणार असाल तर आठवडाभर आधीपासून घरात वापरा, नाहीतर अंगठ्याला हमखास लागते. रांगोळीजवळून जाताना काठ उचलून, कडेने चला. रात्रभर कमरेतून वाकून कुणीतरी ती काढलेली असते.

वेळा आणि परत देणे

पाडव्याला दुकान पहाटे चारला उघडते. साडी नेसवून आणि फेटा बांधून देण्याचे वेगळे पैसे नाहीत, वेळ मात्र आदल्या दिवशी ठरवून घ्या. कपडे तिसऱ्या दिवसापर्यंत परत द्या. घरी धुऊ नका, इस्त्री करू नका. घाम वाळू द्या आणि सैल घडी घालून आणा. डाग पडला असेल तर कशाचा ते सांगा, तेलाचा आणि कुंकवाचा डाग वेगळ्या पद्धतीने काढावा लागतो. अनामत तेव्हाच परत मिळेल.