वनुआतू : उद्दिष्टांच्या आधी मोजमापाचा प्रश्न

संयुक्त राष्ट्रांनी सप्टेंबर 2015 मध्ये 17 शाश्वत विकास उद्दिष्टे आणि त्यांखालची 169 लक्ष्ये मंजूर केली. त्यानंतर अनेक देशांनी तीच यादी आपल्या मंत्रालयांमध्ये वाटून दिली. दक्षिण प्रशांत महासागरातल्या वनुआतूने मात्र 2016 ते 2030 साठी स्वतःची 15 उद्दिष्टांची राष्ट्रीय योजना केली आणि जागतिक यादी तिच्याशी जोडून घेतली. हे धाडस एका वर्षात आलेले नाही. 'संपत्ती मोजायची कशात?' हा वाद तिथे निदान दहा वर्षे आधीपासून चालू होता.

वनुआतू म्हणजे 83 बेटे, सहा प्रांत, जेमतेम तीन लाख माणसे आणि शंभरावर भाषा. 1906 पासून इथे ब्रिटन आणि फ्रान्स यांचा संयुक्त अंमल होता. दोन पोलीसदले, दोन शाळापद्धती, सगळेच दोन-दोन. 30 जुलै 1980 रोजी स्वातंत्र्य मिळाले तेव्हा राज्यघटनेने सगळी जमीन परंपरागत मूळ मालकांची आणि त्यांच्या वंशजांची असल्याचे ठरवले. पुढचे बरेच काही या एका कलमावर उभे आहे. खेड्यातल्या कुटुंबाकडे रोकड नसते, पण जमीन असते आणि तीत कोनफळ, अळूचे कंद, केळी पिकतात. कोकणी वाचकाला ही परसबाग ओळखीची वाटेल. नीरफणससुद्धा तिथे आहे. लग्न, दंड, समेट यांचे देणेघेणे डुकरे, त्यांचे वाकडे सुळे आणि केवड्याच्या जातीच्या पानांच्या चटया यांत होते. देशाच्या झेंड्यावरही डुकराचा सुळा आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या, 2000 सालच्या सहस्रक विकास उद्दिष्टांना हे दिसत नव्हते. गरिबीचे माप होते रोजचे डॉलर. त्या मापाने कोनफळाने भरलेली कोठी शून्याच्या जवळ जाते, कारण ती विकलेली नसते. घरच्या पिकाला बाजारभाव लावून हिशेब करता येतो, तसा तो करतातही, पण जिथे बाजारच नाही तिथे भाव कुठला लावायचा? राजधानी पोर्ट व्हिलाचा दर दूरच्या बेटाला लावला की आकडा फुगतो. काहीच लावला नाही तर पोट भरलेले घर दरिद्री ठरते.

सरकारने 2007 हे वर्ष 'कास्तोम' अर्थव्यवस्थेचे, म्हणजे परंपरागत अर्थव्यवस्थेचे वर्ष म्हणून जाहीर केले. मग गावप्रमुखांच्या राष्ट्रीय परिषदेने, मालवातुमाउरीने, सांख्यिकी कार्यालयासोबत पर्यायी निर्देशकांचा, म्हणजे प्रगती मोजण्याच्या वेगळ्या मापांचा, प्रयोग हाती घेतला. त्याचा अहवाल 2012 मध्ये आला. त्यात विचारलेल्या गोष्टी तीन गटांत होत्या : जमीन, जंगल, समुद्र वापरायला मिळतो का; भाषा, रीती आणि लागवडीचे ज्ञान टिकून आहे का; गावात एकमेकांना मदत होते का आणि प्रमुखांवर विश्वास आहे का. माझ्या मते स्थानिकीकरणाचे, म्हणजे उद्दिष्टे स्थानिक जगण्याच्या मापात बसवण्याचे, खरे काम इथे झाले, जागतिक यादी येण्याच्या तीन वर्षे आधी.

मार्च 2015 मध्ये पाम चक्रीवादळ आले. नुकसान देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या जवळपास 64 टक्के होते. अल्पविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडण्याची 2017 ची मुदत त्यामुळे डिसेंबर 2020 पर्यंत पुढे गेली. नवी योजना ठरत असतानाच हा तडाखा बसल्याने आपत्ती हा विषय तिच्यात तोंडी लावण्यापुरता राहिला नाही.

योजनेचे तीन खांब आहेत. समाजाखाली सहा उद्दिष्टे, पर्यावरणाखाली पाच, अर्थव्यवस्थेखाली चार. संस्कृती हा तिन्हींचा पाया. क्रम पाहण्यासारखा आहे. समाजाचे पहिले उद्दिष्ट सांस्कृतिक ओळख आहे. पर्यावरणाचे पहिले उद्दिष्ट अन्न आणि पोषण आहे, कारण इथे अन्न म्हणजे जमीन आणि खडकाळ किनारा. प्रत्येक उद्दिष्टाला संकेतांक दिला आहे. मंत्रालयाने आपल्या आराखड्यातले काम त्या संकेतांकाशी बांधायचे आणि पंतप्रधान कार्यालयातल्या नियोजन विभागाने वार्षिक अहवालात त्याचा हिशेब घ्यायचा, अशी साखळी आहे. साखळी सहसा खाली तुटते. प्रांताखालच्या क्षेत्र परिषदेकडे माणसे आणि पैसा तुटपुंजा, बेटावर जायला बोट, समुद्र खवळला की भेट रद्द.

लहान लोकसंख्येची अडचण वेगळीच. वर्षाला सुमारे 9 हजार बाळंतपणे धरली तर एका मातेच्या मृत्यूने माता मृत्यूदर लाखामागे 11 ने सरकतो. एका वर्षाचा आकडा घेऊन प्रगती किंवा अधोगती जाहीर करणे चूक. तीन ते पाच वर्षांची सरासरी काढावी आणि शेजारी प्रत्यक्ष संख्या लिहावी. काही जागतिक निर्देशक इथे गैरलागू आहेत, ते सोडून द्यायची हिंमत हवी. उलट, गावाने किनाऱ्यालगतच्या प्रवाळ खडकावर मासेमारीबंदी घातली आणि नामेले झाडाचे पान खूण म्हणून रोवले, तर ते संवर्धनच असते, पण सरकारी राखीव क्षेत्रांच्या यादीत ते आपोआप येत नाही.

या सगळ्याला आधार म्हणून 2019-20 मध्ये राष्ट्रीय योजनेचे पायाभूत सर्वेक्षण झाले. घरखर्चाच्या प्रश्नांसोबत त्यात कल्याणाचेही प्रश्न होते. एप्रिल 2020 मध्ये हॅरॉल्ड वादळाने सान्तो आणि पेन्टेकॉस्ट बेटे झोडपली, मार्च 2023 मध्ये जुडी आणि केव्हिन ही दोन वादळे एका आठवड्यात आली आणि 17 डिसेंबर 2024 रोजी पोर्ट व्हिलाजवळ 7.3 तीव्रतेचा भूकंप झाला. पुढच्या सर्वेक्षणाची तुलना त्या पायाशी करताना बेटवार आकडे वेगळे ठेवावे लागतील आणि बागा पुन्हा उभ्या राहायला लागलेला काळ धरावा लागेल.